चालू असताना

चमचा तिच्या ओठांपासून चार बोटांवर थांबला आणि त्याने तिच्या पुढ्यातला चहाचा कप उचलून आपल्या बाजूला ठेवला. का ठेवला असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. ती बोलत होती. काल दवाखान्यात एक पेशंट आला, खुर्चीत बसायच्या आधी त्याने बूट काढले, मग मोजे काढले, आता शर्टही काढतो की काय म्हणून मी— आणि त्या 'मी'वर ती थांबली. डोळे उघडे, त्याच्याकडेच लागलेले, पण आत कोणी नाही. ओठांची एक कड काहीतरी चघळल्यासारखी हलत होती. मग चमचा तोंडात गेला. "मी म्हटलं, अहो, फक्त दातच बघायचेत," असं म्हणून ती आपल्याच बोलण्यावर हसली आणि तिचा हात कपाकडे गेला, तर तिथे नुसतं टेबल. "माझा चहा का घेतलास? तुझा आहे की समोर." "चुकून," तो म्हणाला. त्याने तो कप परत तिच्यापुढे सरकवला. त्या चोरीत थोडी गंमतही होती, हे त्याने पुढे स्वतःपाशी कितीदा तरी नाकारलं.

तिचं असं थांबणं त्याला नवं नव्हतं. पहिल्यांदा त्याने ते पाहिलं उन्हाळ्याच्या तोंडावर, ती कपाटापुढे उभी राहून चादरीच्या घड्या घालत होती तेव्हा. अर्धी घडी हनुवटीखाली धरून ती तशीच राहिली. "अगं, काय झालं?" त्याने विचारलं. थोड्या वेळाने उरलेली घडी घालत ती म्हणाली, "कुठे काय?" आणि खरंच तिला काही झालं नव्हतं; जे झालं ते तिच्यावाचून झालं होतं. त्या दुपारी तो घाबरला, अगदी मनापासून घाबरला, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने शोधलं, वाचलं. मेंदूत एखादी ठिणगी भलत्या जागी पडते, माणूस जागच्या जागी थांबतो, मग सुटतो, आणि मधलं त्याला काही आठवत नाही, कारण मधे तो नसतोच. औषध आहे. पण आधी दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं. आणि त्याची बायको दातांची डॉक्टर, दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात ड्रिल धरून बसणारी. बोटभर जागेत जीभ, गाल, हिरडी आणि मधे ती किंचाळणारी सुई. तिथे ती एकदा अशी राहिली तर काय होईल हे समजायला वैद्यकी शिकावी लागत नाही. संध्याकाळी सांगायचं असं त्याने ठरवलं. संध्याकाळी ती आली ती दारातूनच बोलत आली. नळ अजून गळतोय, प्लंबरला फोन केला नाहीस, दिवसभर घरात असतोस तरी. आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तरही तिनेच देऊन टाकलं, "मीटिंग होती, माहीत आहे." मग राहिलं. राहिलेली गोष्ट सांगायची म्हणजे आधी ती राहिली का हे सांगावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती जास्त अवघड झाली, आणि उन्हाळा संपता संपता त्याने तो विचारच सोडून दिला.

त्याची काम करायची खोली घराच्या मागच्या अंगाला होती. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसत आणि पाइपांवर बसून एकमेकांना ढकलणारी कबुतरं. हा करतो काय असं नातेवाईक विचारत तेव्हा तीच सांगायची, "दुसऱ्यांच्या चुका काढतो. बाहेरच्यांच्या काढायचा पगार मिळतो, माझ्या फुकट काढतो." लोक हसायचे, तोही हसायचा. खोटं त्यात काही नव्हतं. संगणकाच्या अगदी आत जो कर्नेल असतो, सगळ्या प्रोग्रामांना चालवणारा, थांबवणारा आणि वेळ आली तर मारणारा, त्यातला एक कोपरा त्याच्या ताब्यात होता. चालू प्रोग्राममध्ये ब्रेकपॉइंट घुसवणारा कोड. प्रोग्राम आपल्या नादात पळत असतो. त्याच्या लाखो सूचनांपैकी एकीचा पहिला बाइट अलगद काढून घ्यायचा आणि त्या जागी सापळ्याचा बाइट ठेवायचा. प्रोग्राम तिथे पोचला की अडकतो. कर्नेल येतो, त्याच्या आत काय काय आहे ते निवांत बघतो, काढून ठेवलेली मूळ सूचना बाजूला नेऊन त्याच्याकडून करून घेतो आणि त्याला पुढच्या पावलावर सोडून देतो. प्रोग्रामला वाटतं आपण चालतच होतो. सगळं कसब तेवढ्यात आहे, त्याला कळता कामा नये. या कोडमध्ये सुधारणा करणारे लोक आपापले पॅच सगळ्यांना दिसेल अशा मेलवर पाठवत आणि हा ते तपासत असे. तपासत असे म्हणजे सोलत असे. एका ओळीची चूक सापडली की तो माणसाच्या अकलेपर्यंत जायचा, आणि तेही इतक्या थंड, नेटक्या वाक्यांत की वाचणाऱ्याला आपण मार खाल्ला हे जरा उशिराच कळावं. मेलवर त्याला मास्तर म्हणत. ते त्याला कळलं होतं आणि आवडलंही होतं.

घरात मात्र तो कधी मास्तर नव्हता. लग्न ठरायच्या आधी दोघं एका बागेत बसले होते, त्याने फार जुळवून एक वाक्य सुरू केलं होतं, "मला वाटतं की आपण जर—" आणि ती म्हणाली होती, "हो, करू या." तेव्हा त्याला केवढा आनंद झाला होता. मग वर्षं गेली तसं लक्षात आलं की ते वाक्य वेगळं होतं. आपण जर अजून थोडे दिवस थांबलो तर, असं त्याला म्हणायचं होतं. त्यानंतर त्याचं कुठलंच वाक्य त्याच्या तोंडून पुरं झालं नाही. तिचं वाईट काही नव्हतं. ती भराभर जगायची, भराभर बोलायची, लोक तिच्यावर जीव टाकायचे, दात उपटून घेऊन आभार मानत जायचे. भांडण झालं की ती म्हणायची, "सोड रे, आपलेच दात आणि आपलेच ओठ," आणि विषय संपायचा, कारण तो तिनेच संपवलेला असायचा. त्यामुळे ती थांबायला लागली तेव्हा आधी भीती आली आणि भीतीच्या मागोमाग, पाय न वाजवता, ते दुसरं आलं. काही श्वासांपुरती का होईना, ती गप्प होती आणि त्याच्यासमोर होती. तो तिच्याकडे हवं तसं बघू शकत होता. भुवईतला पांढरा केस, नाकाच्या बाजूची चष्म्याची खूण, उघडे डोळे. इतक्या वर्षांत त्याने तिचा चेहरा असा निवांत पाहिला नव्हता.

कपानंतर हळूहळू धीर वाढला. मिठाची बरणी सरकव, तिच्या हातातली किल्ली काढून खिशात टाक, टीव्हीचा चॅनेल बदल. ती परत यायची, गोंधळायची, शोधायची, आणि स्वतःलाच हसायची, "म्हातारी झाले रे मी." तो म्हणायचा, "होतं असं." मग एकदा, ती भाजी चिरताना थांबली तेव्हा, त्याने तिच्या हातातली सुरी नीट बाजूला ठेवली आणि तिच्या तोंडावर म्हटलं, "तुझं हसणं मला आवडत नाही." अगदी साध्या आवाजात. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सुटल्यावर ती सुरी शोधू लागली. तो खोलीत येऊन बसला तेव्हा त्याची छाती मोकळी झाली होती. त्यानंतर तो तिच्या थांबण्याची वाट बघू लागला. जेवताना, कपडे वाळत घालताना, ती फोनवर बोलत असताना, दारातून बघत राहायचा. एक-दोन वाक्यं तयारच असायची जिभेवर. ती पुरी व्हायची. ती दवाखान्यात असायची त्या वेळात तो याचा विचार करत नसे. मोटारीचं दार लावून ती गेली की तो मागच्या खोलीत शिरायचा, आणि फोन वाजला की एक क्षण, फक्त एकच क्षण, त्याला वाटायचं, झालं. मग तो फोन दुसऱ्याच कोणाचा असायचा.

त्यातच परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, आई काल माझ्याशी बोलता बोलता मधेच गप्प झाली हो. मी हॅलो हॅलो करतेय, आणि मग एकदम मधूनच पुढे बोलायला लागली. बरी आहे ना ती?" तो म्हणाला, "रेंज गेली असेल." "नाही हो, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती मला." "मग कुकर बघत असेल. तू उगाच काळजी करतेस." लेक म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली, आणि ती घालवायला त्याने समोर उघडा असलेला पॅच वाचायला घेतला.

पॅच चिवटचा होता. मास्तरने ठेवलेलं नाव ते. हा माणूस कुठल्या देशातला, केवढा, काही ठाऊक नव्हतं. हाकलला की दुरुस्त करून परत यायचा, वर आभार मानायचा. या वेळी त्याने धरलेली गोष्ट बारीक होती. प्रोग्राम सापळ्यात अडकतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी तो सापळा उचलून नेतो. आता कर्नेल येऊन बघतो तर सापळ्याला धनी नाही. मग त्याला वाटतं की हा प्रोग्रामच बिघडलाय, आपल्या आपण अडकलाय, आणि तो त्याला मारून टाकतो. चिवट म्हणत होता, मारायच्या आधी लॉक घेऊन, म्हणजे मधे दुसऱ्या कोणी हात घालू नये अशी कडी लावून, एकदा परत बघा. मूळ बाइट जागेवर आला असेल तर बिचाऱ्याला तिथूनच पुन्हा चालू द्या. आणि असं किती वेळा झालं ते प्रोग्रामच्या मालकाला दिसू द्या. खाली त्याने लिहिलं होतं, "थांबवलं आपण, विसरलो आपण, आणि मरतो तो. निदान ज्याचा प्रोग्राम आहे त्याला तरी कळायला हवं." मास्तरने तीनदा वाचलं. पॅच बरोबर होता. लॉक बरोबर घेतलं होतं, बरोबर सोडलं होतं, ओळी सरळ, टिपा नेमक्या. इतका बरोबर पॅच त्या कोपऱ्यात कित्येक दिवसांत आला नव्हता. मंजूर म्हणून एक ओळ लिहायची होती. त्याऐवजी त्याने लिहिलं की चालू प्रोग्रामला किंवा त्याच्या मालकाला काही कळण्याची गरज आहे ही समजूत या विषयाचा पायाच न समजल्याची खूण आहे. की अशी भावनिक वाक्यं कोडच्या वर्णनात लिहिणाऱ्याने दुसरा एखादा छंद शोधावा. की हा तुमचा कितवा प्रयत्न आहे हे मी मोजणं सोडलं आहे, तुम्हीही सोडावं. वाचून पाहिलं, एक विशेषण काढलं, त्यामुळे ते अजून लागलं, आणि पाठवून दिलं. बाहेर दोन कबुतरं पाइपावरच्या एवढ्याशा जागेसाठी एकमेकांना टोचत होती. चिवटचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "तुमच्या वेळेबद्दल आभार. मी थांबतो." पुढे मेलवर तो कधी दिसला नाही, आणि कर्नेल त्या प्रोग्रामांना पूर्वीसारखाच मारत राहिला.

त्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी ती खिडकीशी बसून नखं कापत होती. दवाखान्यात एक नवा डॉक्टर ठेवलाय, हात चांगला आहे त्याचा, असं काहीतरी सांगत होती, आणि थांबली. नेलकटर बोटावर तसंच. तो समोरच्या खुर्चीत होता. उठला, जवळ गेला, वाकला, तिचा श्वास त्याच्या गालाला लागला. वाक्य तयार नव्हतं, ते आपोआप आलं. "एकदा तुझ्या हातून कोणाची तरी जीभ फाटू दे," तो म्हणाला, "म्हणजे तुझी बंद होईल." म्हटलं आणि तो स्वतःच मागे सरला. इतकं आत होतं हे त्याला माहीत नव्हतं. ती बघत होती, म्हणजे डोळे उघडे होते. मग कट्ट असा आवाज झाला, नखाचा तुकडा उडाला, आणि ती म्हणाली, "पगार जरा जास्त मागतो, पण ठीक आहे." तो मागच्या खोलीत गेला आणि दार लावून बसून राहिला.

आणि मग त्याची दाढ दुखायला लागली. देव वगैरे तो मानत नसे, पण ही वेळ कोणीतरी मुद्दाम साधली असं त्याला वाटलं. आधी तो मिठाच्या पाण्याने चुळा भरत राहिला, गोळ्या घेत राहिला, एका बाजूने चावत राहिला. तिच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. "आ कर बघू," ती म्हणाली, टॉर्च मारला. "कीड आत पोचलीय. उद्या ये दवाखान्यात." तो म्हणाला की ऑफिसजवळ एक डेंटिस्ट आहे म्हणतात. "तुझं ऑफिस मागच्या खोलीत आहे," ती म्हणाली. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. "पुढच्या आठवड्यात सुजून तोंड भोपळ्याएवढं होईल. आणि डॉक्टरच्या नवऱ्याने दुसऱ्याकडे जाऊन दात दाखवायचे? लोक काय म्हणतील?" ती हसत होती. आता सांगता आलं असतं. अगं, तू मधेच थांबतेस, गेले कित्येक महिने, तुझ्या हातात ड्रिल नको. एवढंच. पण लगेच ती विचारणार, कित्येक महिने? आणि तू काय करत होतास? त्या प्रश्नाच्या पलीकडे कप होता, किल्ली होती, रविवारची दुपार होती. ती रोज इतक्या जणांचे दात करते, अजून कोणाला काही झालेलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि रात्रभर जबडा धरून तेच सांगत राहिला. सकाळी तो गेला.

दवाखान्यात तिची जुनी मदतनीस बाई होती. इतक्या वर्षांत तिने त्याच्याशी सर, बसा, यापलीकडे बोलणं केलं नव्हतं. आजही तेवढंच बोलली, पण बघितलं मात्र फार वेळ. खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर आला, इंजेक्शन टोचलं, गाल हळूहळू दुसऱ्याच कोणाचा झाला. तिने दातांमध्ये तोंड उघडं ठेवणारा रबरी ठोकळा बसवला आणि थुंकी ओढणारी नळी ओठात अडकवली. "दुखलं तर डावा हात वर करायचा. मी थांबेन," ती म्हणाली. हे ती सगळ्यांनाच सांगते. मग तिने बाईला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा." दार लागल्यावर ती स्टुलावर बसली. हात मांडीवर. मास्कच्या वर फक्त डोळे.

"ही बाई आहे ना," ती म्हणाली, "महिन्यामागे इथे मला पहिल्यांदा तसं झालं, त्याच दिवशी हिने मला सांगितलं. पेशंट उठून गेला, आणि तिने सांगितलं, मॅडम, तुम्ही मधे थांबलात, मी तुमचा हात धरला. पहिल्याच दिवशी, बरं का. पगारी बाई." ती नेहमीच्या मानाने सावकाश बोलत होती. "त्या दिवसापासून मी कोणाच्या तोंडात ड्रिल घातलेलं नाही. तो नवा डॉक्टर घालतो. मी नुसती तपासते, गप्पा मारते, लोकांना वाटतं मीच केलं. मेंदूच्या डॉक्टरकडे गेले, गोळ्या चालू आहेत. त्यांनी पहिलं काय विचारलं माहितीये? घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हटलं, नवरा दिवसभर घरातच असतो, पण कामात असतो. तुला वाचवलं मी तिथे." त्याच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. नळीने तो ओढून घेतला. "मी वाट बघत होते. आज सांगेल, उद्या सांगेल. काल म्हटलं, आता स्वतःच्या जिवावर आल्यावर तरी सांगेल. आणि तू आलास. बसलास. आ केलास."

तो दिव्याकडे बघत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते दिव्यामुळे असेल असं समजायला वाव होता. "आता एकच विचारते," ती म्हणाली. "नुसती मान हलव. इथे दवाखान्यात बाई डोळ्यात तेल घालून बघते. गोळ्या सुरू झाल्यापासून इथे एकदाही झालेलं नाही. घरचं मला कोण सांगणार? तूच. घरी झालं का? या महिन्यात, एकदा तरी?" रविवार त्याच्यासमोर लख्ख उभा राहिला. बोटावरचं नेलकटर, उघडे डोळे. गोळ्या चालू असताना ती थांबली होती. की थांबली नव्हती? की बसली होती, ऐकत? हो म्हणावं तर ती विचारेल कधी, आणि त्या वेळी तू काय करत होतास. मान हलवणं एवढं सोपं काम त्याला आयुष्यात कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. त्याने ती हलवली. नाही. डावीकडून उजवीकडे, ठोकळ्यासकट, दोनदा.

ती त्याच्याकडे बघत राहिली. "नक्की?" त्याने पुन्हा हलवली. "बरं," ती म्हणाली, "मग झाले की मी बरी. तू म्हणतोस म्हणजे झाले." तिने हातमोजा मनगटावर ओढून नीट केला, ड्रिल उचललं, पाय पेडलवर ठेवला. ती किंचाळी त्याने बाहेरच्या बाकावर बसून कितीदा तरी ऐकली होती. आपल्या कवटीच्या आत ती वेगळीच असते. सुई दाढेला लागली. जळक्या हाडाचा वास आला. तिचा हात स्थिर होता, फार सुरेख स्थिर, आणि थोडा वेळ सगळं एखाद्या साध्या सकाळसारखं चाललं. मग तिची नजर त्याच्या दातांवरून उठली, त्याच्या डोळ्यांवर आली आणि तिथेच राहिली. पापणी लवली नाही. मास्कखाली ओठ हलत होते की नव्हते ते दिसत नव्हतं. सुई दाढेच्या कडेवरून घसरत जिभेच्या बाजूला आली तशी त्याने डावा हात वर केला. पूर्ण वर केला, बोटं पसरून. ती त्याच्याकडे बघत होती, आणि ड्रिल चालू होतं.